लालपोट्यांचा हिवाळा

शुक्रवारी दुपारपासून यार्मिलाची इमारत ओस पडायला लागायची. आधी खालचं तरुण जोडपं बाळाला आणि कुत्र्याला गाडीत कोंबून निघे, मग वरचे पेन्शनर नवरा-बायको टोमॅटोची रोपं मांडीवर घेऊन. ज्याला त्याला गावाबाहेर, झाडीत नाहीतर ओढ्याकाठी, एक लाकडी खोपटं होतं आणि शनिवार-रविवार तिथं जाऊन कंबर मोडेस्तोवर खुरपणं यालाच सगळे सुट्टी म्हणत. यार्मिलाचंही असं खोपटं होतं. घटस्फोटात ते नवऱ्याकडे गेलं आणि फ्लॅट तिच्याकडे आला. वकील म्हणाला, बाई, फायदा तुमचाच झालाय. वकिलाला शनिवारचं काय कळणार! आठ मजल्यांत आपण एकट्या, लिफ्ट हलली तरी दचकायला होतं आणि रविवारी संध्याकाळी पहिली गाडी परत आली की जीव भांड्यात पडतो, हे काही वाटणीच्या कागदावर येत नाही.

ती एका दंतवैद्याकडे कवळ्या करायची. दिवसभर लोकांच्या तोंडाशी काम, पण बोलायला समोर एक तोंड नाही. मुलगी रेनाता आयर्लंडमध्ये. तिचा फोन यायचा, पण मागे मुलांचा एवढा दंगा असे की अर्धं बोलणं त्यांना दटावण्यात जायचं.

तर अशाच एका रविवारी ती चालत चालत गावच्या सांस्कृतिक भवनापाशी आली. दार उघडं होतं आणि आत माणसं होती, एवढ्याच कारणानं ती आत शिरली. आत साप, पाली, कासवं, नाना तऱ्हेचे जीव पाळणाऱ्यांचा बाजार भरला होता. भिंतीकडच्या टेबलामागे एक म्हातारा हाताची घडी घालून पेंगत होता आणि त्याच्यासमोर शेवाळ भरलेले प्लास्टिकचे डबे होते. यार्मिला पुढे सरकणार तोच कुणीतरी हळूच हुंकार दिला. "ऊंप."

"काही म्हणालात?" तिनं विचारलं.

म्हाताऱ्यानं एक डोळा उघडला. "मी नाही. हा. आणि तुम्हाला नाही म्हणाला, तेव्हा लाजू नका."

डब्यात अंगठ्याएवढा हिरवागार भेक, बेडकाचाच भाऊबंद, बसला होता. म्हाताऱ्यानं त्याला अलगद उलटा केला तर पोट लालभडक, वर काळे ठिपके. वरून पानासारखा साधा आणि खालून एवढा भपका! यार्मिलाला हसू आलं. आपण शेवटचं कधी हसलो होतो, तेही तिला आठवेना.

"लालपोट्या म्हणतात. बायका याच्याकडे बघून किंचाळतात, तुम्ही हसलात. याआधी काही पाळलंय?"

"नवरा पाळला होता."

"तो निराळा प्राणी. त्याला हिवाळ्यात तळघरात ठेवावं लागत नाही." म्हातारा गंभीरपणे म्हणाला आणि त्यानं एक जोडी बांधून दिली. "हात आधी धुवायचे, नंतरही धुवायचे. अंगाला चीक असतो यांच्या. डोळ्यात गेला तर नवरा आठवून रडल्यासारख्या रडाल. अर्धी टाकी पाणी, अर्धी जमीन, खायला रातकिडे. आणि अडलं तर शुक्रवारी इर्माच्या गुत्त्यावर मागच्या टेबलाशी या. हानाक कुठाय विचारा, म्हणजे मीच."

अडलं नव्हतं, तरी ती गेली. शुक्रवार होता ना!

इर्माच्या गुत्त्यातलं मागचं टेबल हे जीव पाळणाऱ्यांचं. भिंतीवर खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेकाचा मातीचा मग टांगलेला. हानाकच्या मगावर भेक रंगवलेला, द्रापल नावाचा जाडजूड बसड्रायव्हर अजगर पाळायचा, त्याच्या मगावर अजगर, तोही जाडजूडच. नवख्यानं गुत्त्याच्या साध्या ग्लासातून बिअर प्यायची. ज्याच्या घरच्या टाकीत पिल्लं झाली आणि जगली, त्यालाच मग आणि खुंटी मिळायची. अंडी घालायचं काम भेकाचं आणि मान पाळणाऱ्याचा. जगाची रीत आहे, आपण काय बोलणार.

यार्मिलानं कोपऱ्यातली रिकामी खुंटी हेरून ठेवली. बिअरची तिला फारशी आवड नव्हती. पण खुंटी मिळाली म्हणजे माणूस कायमचा. ग्लासवाला येतो आणि जातो, एखाद्या शुक्रवारी आला नाही तर कोणाच्या लक्षातही येत नाही. खुंटीवरचा मग खाली उतरला नाही तर मात्र टेबलावर कोणीतरी विचारतंच, अरे, ती कुठं राहिली? तिला तेवढंच हवं होतं. तिला पिल्लं हवी होती ती त्यासाठी, आणि हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

अख्खा उन्हाळा शिकण्यात गेला. रातकिडे निसटून फ्रिजमागे संसार थाटून बसले. टाकीचं पाणी तिनं मायेनं रोज बदललं, तर हानाक ओरडला, "अहो, ते भेक आहेत, हॉटेलातले पाहुणे नाहीत!" मादीनं एकदा यार्मिलाच्याच सावलीला घाबरून पाठ वाकवली, चारी पाय वर घेतले आणि लाल पोट दाखवत निपचित पडली. यार्मिला रडकुंडीला येऊन धावत गुत्त्यावर गेली, तेव्हा, अहो, भ्यायले की असं सोंग घेतात ते, म्हणत अख्खं टेबल हसलं. पण ते हसणं तिला लागलं नाही. तिला आपल्यात धरूनच ते हसले होते.

संध्याकाळी ती कामावरून आली की स्वयंपाकघरातून "ऊंप" यायचा. ती कोट काढता काढता म्हणायची, "आले रे, आले."

मग नोव्हेंबरात सेंट मार्टिनचा दिवस आला, रस्त्यावर पहिला हिमकण दिसला आणि हानाकनं तिला हिवाळ्याचा पाठ दिला.

"यांना थंडी हवी असते. खरी थंडी. तुमच्या फ्लॅटमध्ये रेडिएटर धगधगतात, तिथं हे बारा महिने जागे राहतील, खातील, ओरडतील आणि अंड्यांच्या नावानं शून्य. आधी खाणं बंद करायचं, पोट रिकामं होऊ द्यायचं. मग पेटीत ओलं शेवाळ, वर पाला, आणि पेटी तळघरात. फेब्रुवारी संपेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही."

"मधून बघायचंही नाही?"

"बघून काय करणार? ते झोपलेले असणार."

"पण जिवंत आहेत की नाही, कसं कळणार?"

"मार्चमध्ये कळतं," हानाक म्हणाला. "धीर नसेल तर ससे पाळा."

द्रापल म्हणाला, "सशांना धीर लागत नाही, बाई. सशांना फक्त दार बंद करून द्यावं लागतं."

तिनं सांगितल्याबरहुकूम केलं. पेटी तळघरातल्या आपल्या खणात, काकड्या आणि मुरांब्यांच्या बरण्यांशेजारी ठेवली, कुलूप लावलं आणि वर आली. घरात कोट काढताना सवयीनं "आले रे" म्हणाली. टाकी रिकामी होती. तिनं दिवा तेवढा चालू ठेवला. पूर्वीही घरात शांतताच होती, पण तेव्हा तिला तिची सवय होती. आता तीच शांतता अंगावर यायला लागली. आधी कुणी नसणं आणि आता कुणी नसणं यात फरक पडतो, हे भोगल्याशिवाय पटत नाही.

डिसेंबरात टेबलावर नाताळच्या गप्पा सुरू झाल्या. कुणाकडे किती माणसं, कार्प मासा किती किलोचा, जिवंत आणून न्हाणीघरातल्या टबात सोडलेल्या माशाला मुलांनी नाव ठेवल्यामुळे आता तो कापायचा कसा. "आणि तुमच्याकडे, बाई?" इर्मानं विचारलं.

"रेनाता येतेय," यार्मिला म्हणाली. "जावई, दोन्ही मुलं. व्याही-विहीणही येणार म्हणतात. कुठं झोपवू सगळ्यांना, हाच प्रश्न आहे."

रेनाता "बघते" म्हणाली होती. व्याह्यांचा तर विषयही निघाला नव्हता. पण बोलता बोलता घर भरत गेलं आणि तिला थांबवेना.

तेवीस डिसेंबरला सकाळी रेनाताचा फोन आला. धाकट्याला कांजिण्या आल्या होत्या. "आई, तू एकटी पडशील गं."

"मी? छे! आमच्या मंडळाचं जेवण आहे. नाही म्हणणार होते तुमच्यासाठी, आता जाईन," यार्मिला म्हणाली. "तू पोराला खाजवू देऊ नकोस."

म्हणजे गुत्त्यावरच्या मंडळाला वाटत होतं ती मुलीकडच्यांत आहे आणि मुलीला वाटत होतं ती मंडळात आहे. दोन्हीकडे ती माणसांत होती. फक्त तिच्या घरी तेवढं कुणी नव्हतं.

मासा घेऊन झाला होता, बटाटे उकडून झाले होते. सॅलडसाठी काकड्या हव्यात म्हणून ती तळघरात उतरली. बरणीला हात घातला आणि पेटीकडे बघायचं नाही म्हणत म्हणत तिनं झाकण उचललंच. पाल्याखाली दोघं जवळजवळ बसले होते, डोळे मिटलेले, अंग खड्यासारखं गार. तिनं बोट लावलं. हालचाल नाही. तिनं त्यांना ओंजळीत घेतलं, तोंडाजवळ नेलं, हळूहळू ऊब दिली. बऱ्याच वेळानं नराचा मागचा पाय तसूभर सरकला.

"एवढं एकदा," ती त्यांना म्हणाली, की स्वतःला, कोण जाणे. पेटी घेऊन ती वर आली. काकड्या खालीच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी, नाताळच्या जेवणाच्या संध्याकाळी, पहिली चांदणी दिसल्यावर, तिनं रीतीप्रमाणे टेबल मांडलं. पांढरं कापड, तिचं ताट, आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी जादाचं एक ताट. त्या ताटाशेजारी तिनं टाकी ठेवली. बाजार बंद, रातकिडे नाहीत, म्हणून कुंडीतली माती उकरून गांडुळं काढली. तिनं माशाचा पहिला घास घेतला आणि नर ओरडला. "ऊंप." ती थांबली. पुन्हा "ऊंप." मग तिनं त्याला सगळं सांगितलं: सॅलडमध्ये काकडी नाही, धाकट्याला कांजिण्या आल्यात, कामावर एका म्हातारीला तिसऱ्यांदा कवळी करून दिली तरी ती म्हणते हे दात माझे नव्हेत. तो मधून मधून हुंकार देत राहिला. त्या संध्याकाळी ती सुखी होती. हे सांगायलाच हवं, नाहीतर बाकी सगळा नुसता वेडेपणा वाटेल.

आता पोट भरलेल्या भेकांना पुन्हा थंडीत ठेवता येत नाही, अन्न आतच कुजतं, हे हानाकनं बजावलं होतं. म्हणून ते वरच राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जानेवारीत टेबलावर तिनं नाताळचं वर्णन केलं, नातवाला ताटाखाली शकुनाचं म्हणून ठेवलेलं माशाचं खवलं सापडलं आणि तो ते आयर्लंडला घेऊन गेला, इथपर्यंत. फेब्रुवारीच्या शेवटी हानाक म्हणाला, "आणा आता वर," आणि तिनं मान डोलावली.

वसंत आला. नर ओरडत होता. मादी त्याला पाय झाडून दूर ढकलत होती. तिनं कोमट पाणी शिंपडून पाहिलं, जाडजूड गांडुळं घातली, पाणवनस्पती लावल्या. पानापानाखाली ती रोज शोधत राहिली. अंडं नाही.

मे महिन्यातल्या बैठकीत प्रत्येक जण आपापली पिल्लं घेऊन येतो. टेबलावर बरण्या आणि डबे मांडलेले होते. यार्मिला रिकाम्या हातानं आली.

हानाकनं चष्मा पुसला. "सगळं नीट सांगा. पेटी बाहेरच्या भिंतीला लागून होती?"

"हो."

"शेवाळ ओलं?"

"हो."

"खाली ठेवण्याआधी पोट रिकामं होतं?"

"होतं."

"आणि वर कधी आणलीत?"

"तुम्ही म्हणालात तेव्हाच," यार्मिला म्हणाली. "फेब्रुवारीच्या शेवटी."

हानाकनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मग तुमचं काहीच चुकलेलं नाही," तो म्हणाला. "म्हणजे चुकलं माझं."

द्रापलला एवढं निमित्त पुरलं. "काका, दोन्ही नर दिलेत की काय? अहो, बिचाऱ्या बाईंच्या घरी दोन म्हातारे बसून एकमेकांना हाका मारतायत!"

टेबल खदखदून हसलं. हानाक हसला नाही. त्यानं आपली उजव्या हाताची बोटं टेबलावर पसरली आणि त्यांच्याकडे पाहत राहिला.

"नराच्या पुढच्या पायाला काळा, खरखरीत डाग येतो," तो म्हणाला. "मला तो दिसेनासा झालाय. गेली दोन वर्षं मी बोटानं चाचपून ओळखतो. तुम्हाला कुणाला सांगितलं नाही. वाटलं, डोळे गेले तरी बोटं फसवणार नाहीत."

"काका, मी आपली चेष्टा केली," द्रापल ओशाळून म्हणाला.

"तू केलीस चेष्टा, पण ते खरंय. ज्याला नर-मादी कळत नाही त्यानं जोडी देऊ नये, आणि ज्याला जोडी देता येत नाही त्यानं पाळून तरी काय करायचं? टाक्या तू घेऊन जा. येत्या आठवड्यात ये गाडी घेऊन."

"अहो, पण मी भेकांचं काय करू?"

"तुझ्या अजगराला घालू नकोस म्हणजे झालं."

यावर कुणी हसलं नाही. इर्मानं त्याच्यासमोर भरलेला मग ठेवला, त्यानं तो बाजूला सारला. यार्मिलानं ग्लास नुसताच हातात फिरवला. खाई त्याला खवखवे. ती एक वाक्य बोलली की म्हाताऱ्याची बोटं शाबूत ठरणार होती. पण त्या वाक्याला धरून दुसरं वाक्य ओढलं जाणार होतं, आणि दुसऱ्याला धरून तिसरं, आणि शेवटी या सगळ्यांसमोर तिचं ते टेबल, ते पांढरं कापड आणि ते जादाचं ताट उघडं पडणार होतं. मग इथून पुढे ही माणसं तिला सांभाळून घेणार, हळू आवाजात बोलणार. तिला त्याचीच भीती होती. चेष्टा तिला चालली असती.

"मी झाकण उघडलं होतं," ती म्हणाली. "मध्ये, एकदा."

"एकदा उघडल्यानं काही होत नाही," हानाक म्हणाला. "बाई, माझी समजूत घालायला खोटं बोलू नका. मी लहान नाही."

"उघडलं आणि वर आणले त्यांना. नाताळला. मग परत खाली ठेवलेच नाहीत."

"नाताळला?" द्रापल म्हणाला. "घरात एवढी माणसं असताना भेक कशाला वर आणलेत?"

"माणसं नव्हती," यार्मिला म्हणाली.

पुढचं तिनं ग्लासाकडे बघत सांगितलं. "कुणी आलं नव्हतं. नातवाचं खवलं वगैरे सगळं मी रचलं. मी एकटीच होते, आणि घर इतकं शांत होतं, की मला ते सोसेना. काकड्या आणायला गेले आणि त्यांना घेऊन आले. टेबलावर ठेवले. जादाच्या ताटाशेजारी. आणि त्यांच्याशी बोलत बसले."

इर्माचं फडकं बारवर थांबलं. द्रापल आपल्या बरणीचं झाकण घट्ट करायला लागला, ते आधीच घट्ट होतं. प्रत्येक जण दुसरीकडे कुठंतरी बघत होता. तिला जे नको होतं ते आता टेबलावर आलं होतं. उठावं आणि जावं, असं तिनं ठरवलं.

"नर ओरडला?" हानाकनं विचारलं.

"काय?"

"नर. नाताळच्या संध्याकाळी. ओरडला का?"

"ओरडला."

"ऐन डिसेंबरात!" हानाक पुढे झुकला. "किती वेळ?"

"माझं जेवण होईपर्यंत. आणि नंतरही."

"आणि मादी?"

"ती गप्प होती. कुंडीतलं गांडूळ खाल्लं तिनं. एक पूर्ण, आणि दुसऱ्याचं अर्धं. उरलेलं अर्धं त्यानं तिच्या तोंडातून ओढून नेलं."

"ती गप्प होती," हानाक स्वतःशीच म्हणाला. त्यानं अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली, हळूहळू, तांदळाचा दाणा पारखावा तशी. "गप्पच असणार. ओरडतात ते फक्त नर. मादीच आहे ती." मग त्यानं बाजूला सारलेला मग जवळ ओढला आणि एक मोठा घोट घेतला. "द्रापल, गाडी आणू नकोस."

"नाहीच आणणार होतो," द्रापल म्हणाला.

आता मात्र म्हाताऱ्याला राग चढला. तो यार्मिलाकडे वळला आणि हळू आवाजात वगैरे काही बोलला नाही. "अक्कल आहे का तुम्हाला? पोट रिकामं, अंग गार, अशा जिवाला एकदम रेडिएटरशी? मेले असते दोघं! आणि वर माझ्या तोंडावर, फेब्रुवारीच्या शेवटी म्हणे! मी माझ्या टाक्या मोडायला निघालो होतो!"

"चुकलं," यार्मिला म्हणाली.

"चुकलंच. मातीचा मग नाही, खुंटी नाही, काही नाही. ग्लासातूनच प्यायचं पुढच्या वर्षापर्यंत. आणि यंदा पेटी तळघरात गेली, की त्या खणाची चावी माझ्याकडे आणून द्यायची. फेब्रुवारी संपेपर्यंत मिळणार नाही."

"माझ्या काकड्या असतात तिथं."

"काकड्या आधी वर नेऊन ठेवा!"

कुणीतरी हसलं, मग द्रापल हसला आणि टेबल पुन्हा बोलायला लागलं. बरण्या एकमेकांकडे सरकवल्या गेल्या, कुणाच्या कासवाच्या पिल्लांचं वजन झालं. यार्मिला ग्लास संपेपर्यंत बसली. चावी द्यायला तिची हरकत नव्हती. पण नोव्हेंबर येणार, मग डिसेंबर येणार, टाकी रिकामी असणार आणि आता तर खाली जायलाही वाट नसणार, हे तिला तिथं बसल्या बसल्याच दिसायला लागलं.

हानाक जायला उठला, तेव्हा तिनं त्याचा कोट धरला. त्याला बाही सापडत नव्हती.

"हानाक," ती म्हणाली, "चावी देईन मी. पण नाताळच्या संध्याकाळी..."

हानाकनं बाहीत हात घातला, टोपी शोधली, डोक्यावर ठेवली.

"तेव्हाही देणार नाही," तो म्हणाला. "पण मागायला या. मी घरीच असतो."